स्टाइनिट्झची दोन स्थलांतरे आणि तुमचा बेत

तुमचे पत्र लक्षपूर्वक वाचले. आंतरराष्ट्रीय मास्टर किताब हाती आहे, सांगलीतले बुद्धिबळाचे वर्ग बरे चालले आहेत, तरीही वयाच्या एकतिसाव्या वर्षी सर्व आवरून पत्नी व लहान मुलीसह न्यूयॉर्कला यावे का, आणि खेळ व शिकवणी यांच्या जोरावर येथे संसार चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. त्याच पत्रात तुम्ही विल्हेल्म स्टाइनिट्झचा दाखला दिला आहे. प्रागच्या ज्यू वस्तीतला एक गरीब मुलगा व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क अशी मजल मारून पहिला जगज्जेता होतो, तर आपण निदान पोटापुरते तरी का मिळवू शकणार नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी अनेक वर्षे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो, नोकरी सांभाळून शाळकरी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, आणि स्टाइनिट्झ हा माझ्या दीर्घ अभ्यासाचा व मनापासूनच्या आदराचा विषय आहे. म्हणूनच त्याचा दाखला घ्यायचा तर पूर्ण घ्यावा, असे मला वाटते. तो एकदा नव्हे, दोनदा परदेशी स्थायिक झाला. पहिले स्थलांतर त्याला लाभले आणि दुसऱ्याने त्याला कीर्तीच्या शिखरावर नेऊनही निर्धन ठेवले. या दोहोंत नेमका काय फरक होता, ते तुम्ही निर्णयापूर्वी पाहावे.

त्याचा जन्म 1836 सालचा. गणित शिकण्यासाठी तो व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला, पण शिक्षण सुटले आणि कॉफीगृहांत पैसे लावून खेळणे हेच त्याच्या उपजीविकेचे साधन झाले. 1859 साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत तो तिसरा आला आणि 1861 साली त्याच स्पर्धेत 31 पैकी 30 गुण मिळवून पहिला आला. विख्यात अमेरिकन खेळाडू मॉर्फी याच्यावरून पडलेले ‘ऑस्ट्रियाचा मॉर्फी’ हे नाव त्याला तेव्हापासूनचे. 1862 साली लंडनला आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा ऑस्ट्रियाचा प्रतिनिधी म्हणून त्याला तेथे पाठवण्यात आले. अ‍ॅडॉल्फ अँडरसनने जिंकलेल्या त्या स्पर्धेत स्टाइनिट्झ सहावा आला, म्हणजे डोळे दिपवणारे असे यश त्याला मिळाले नाही, पण मोंग्रेडियनविरुद्धच्या त्याच्या डावाला सर्वोत्कृष्ट डावाचे पारितोषिक मिळाले. स्पर्धा संपल्यावर तो परत गेला नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहा. तो लंडनला आला तो निमंत्रित स्पर्धेच्या निमित्ताने, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, एकटा. आणि त्या काळी बुद्धिबळावर जगू पाहणाऱ्या माणसासाठी लंडनइतके योग्य शहर युरोपात क्वचितच दुसरे असेल. तेथे क्लब होते, सामन्यांसाठी पैसा उभा करणारे हौशी श्रीमंत होते, आणि स्ट्रँडवरच्या ‘सिम्प्सन्स डिव्हान’सारख्या ठिकाणी थोड्या शिलिंगांवर उस्तादांशी डाव मांडायला लोक रोज येत. म्हणजे खेळाडू येण्याआधीच बाजार तयार होता. स्पर्धा संपताच त्याने इटालियन उस्ताद दुबोआला सामन्यात हरवले, पाठोपाठ तरुण इंग्लिश खेळाडू ब्लॅकबर्नला हरवले, आणि 1866 साली थेट अँडरसनशी सामना खेळला. बारा डावांनंतर गुण 6-6 असे होते. उरलेले दोन्ही डाव जिंकून त्याने 8-6 असा विजय मिळवला, आणि त्या चौदा डावांत एकही डाव बरोबरीत सुटला नाही. हा सामना जिंकल्यावर त्याला जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणणारे पुष्कळ झाले. इतके होऊनही त्याची मिळकत अनियमितच होती, कारण सामने रोज होत नाहीत आणि पैजेवर खेळायला बसणारा हौशी माणूस सतत हरू लागला की येईनासा होतो.

त्याला खरे स्थैर्य दिले ते ‘द फील्ड’ या लंडनच्या साप्ताहिकातल्या बुद्धिबळाच्या सदराने. 1873 ते 1882 अशी नऊ वर्षे ते त्याच्याकडे होते. चरित्रकार बहुतेक वेळा सामन्यांच्या वर्णनात रमतात आणि या सदराला दोन ओळींत उरकतात, ते मला पटत नाही. 1873 साली व्हिएन्नाच्या स्पर्धेत तो ब्लॅकबर्नसह पहिला आला आणि निर्णायक दोन्ही डाव जिंकून विजेता ठरला. त्यानंतर 1882 पर्यंत त्याने महत्त्वाचा असा एकच सामना खेळला, तो 1876 साली ब्लॅकबर्नशी, आणि तोही 7-0 असा जिंकला. उरलेला सगळा काळ तो इतरांचे डाव उलगडून लिहीत होता. ज्या देशात तो परका म्हणून आला होता, तिथल्या प्रतिष्ठित साप्ताहिकात तिथल्याच भाषेत लिहून तो पगार मिळवत होता. या पगारामुळेच त्याला विचार करायला सवड मिळाली. त्याआधीचा स्टाइनिट्झ त्या काळच्या इतरांसारखाच होता. प्याद्यांचे, घोड्यांचे बळी देत राजावर तुटून पडावे, हीच खेळाची शोभा मानली जात होती. त्याने दाखवून दिले की हल्ला करणे ही खेळाडूची हौस नसते, स्थितीने तो अधिकार द्यावा लागतो. दुबळे घर, एकावर एक आलेली प्यादी, दोन उंटांची जोडी, असे छोटे छोटे फायदे साठवत जावे आणि पारडे पुरेसे झुकले की मगच हल्ला चढवावा. आज तुम्ही सांगलीत दहा वर्षांच्या मुलाला जे पहिल्या वर्षी शिकवता, ते या नऊ वर्षांतल्या चिकाटीतून आले आहे. नियमित मिळकतीने एका खेळाडूला काय दिले, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

हे स्थैर्य मोडण्यास त्याचा स्वभावही कारण झाला. तो मत लपवत नसे आणि छापून आलेल्या टीकेला छापूनच उत्तर देई. लंडनमध्येच त्याचा प्रतिस्पर्धी खेळाडू योहानेस झुकरटोर्ट होता. हाही स्थलांतरितच. लुब्लिनमध्ये जन्मलेला, ब्रेस्लाउ व बर्लिनमार्गे 1872 साली लंडनला आलेला आणि पुढे ब्रिटिश नागरिक झालेला. झुकरटोर्ट व त्याचा सहकारी हॉफर यांनी 1879 साली ‘चेस मंथली’ हे मासिक काढले आणि दोन्ही बाजूंनी शाईचे युद्ध सुरू झाले. 1882 साली ‘द फील्ड’चे सदर स्टाइनिट्झच्या हातून गेले आणि पुढे ते हॉफरकडे आले. 1883 च्या लंडन स्पर्धेत झुकरटोर्टने 26 पैकी 22 गुण मिळवले आणि स्टाइनिट्झ 19 गुणांवर दुसरा राहिला. परक्या शहरात आपल्या व्यवसायाचे वर्तुळ अगदी लहान असते. तीच माणसे स्पर्धा भरवतात, तीच लिहितात आणि तीच शिफारस करतात. त्यांच्याशी वैर धरून टिकणे स्टाइनिट्झलाही जमले नाही.

त्याच वर्षी, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला आला. आधीच्या हिवाळ्यात त्याने अमेरिकेचा दौरा केला होता, तिथले खेळाडू व क्लब पाहिले होते, म्हणजे तो आंधळेपणाने आला नव्हता. 1885 साली त्याने ‘इंटरनॅशनल चेस मॅगझिन’ हे स्वतःचे मासिक सुरू केले, आणि 1886 साली झुकरटोर्टशी तो सामना झाला, ज्याला आज पहिला अधिकृत जागतिक अजिंक्यपदाचा सामना मानतात. पैज प्रत्येकी 2000 डॉलरची होती आणि दहा डाव जिंकणारा विजयी ठरणार होता. न्यूयॉर्कच्या पाच डावांनंतर झुकरटोर्ट 4-1 असा पुढे होता. मग सामना सेंट लुईसला गेला, तेथून न्यू ऑर्लिन्सला, आणि शेवटी स्टाइनिट्झने दहा विजय, पाच पराजय व पाच बरोबऱ्या असा तो जिंकला. झुकरटोर्ट त्यातून सावरला नाही. दोनच वर्षांनी लंडनमध्ये तो वारला. 1888 च्या नोव्हेंबरात स्टाइनिट्झ अमेरिकेचा नागरिक झाला आणि विल्हेल्मचा विल्यम झाला. त्याच वर्षी त्याची एकवीस वर्षांची मुलगी फ्लोरा गेली आणि 1892 साली पत्नी कॅरोलिनही गेली. कीर्तीच्या याच वर्षांत त्याचे घर रिकामे होत गेले, हे विजयांची यादी वाचताना विसरू नये.

आता या दुसऱ्या स्थलांतराचा हिशेब मांडू. मासिक त्याचे स्वतःचे होते, म्हणजे वर्गणीदार जमवण्याची आणि तोट्याची जबाबदारीही त्याचीच होती, आणि 1891 साली ते बंद पडले. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये काही काळ सदर होते, पण लंडनसारखा दीर्घ आधार त्याला येथे पुन्हा मिळाला नाही. मग उरले ते सामने. हवानाच्या रसिकांनी पैसा उभा केल्यामुळे 1889 व 1892 साली रशियाच्या चिगोरिनशी, आणि मध्ये न्यूयॉर्कला गुन्सबर्गशी. 1892 च्या सामन्यातला तेविसावा डाव तुम्ही एकदा पटावर मांडून पाहा. स्टाइनिट्झ 9-8 असा पुढे होता, पण त्या डावात चिगोरिनची स्थिती जिंकण्याची होती, आणि तो जिंकला असता तर गुण 9-9 झाले असते. बत्तिसाव्या चालीला चिगोरिनने राजाच्या बचावात असलेला उंट तेथून हलवला. स्टाइनिट्झचा हत्ती एच-2 या घरातले प्यादे मारून आत शिरला आणि पुढच्याच चालीला मात अटळ झाली. प्रतिस्पर्ध्याच्या त्या एका चालीने त्याचे जगज्जेतेपद राखले. छप्पन्नाव्या वर्षात असलेल्या माणसाचे उत्पन्न अशा एका चालीवर टांगलेले असावे, याचे मला फार वाईट वाटते.

1894 साली पंचवीस वर्षांच्या एमानुएल लास्करने न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व मॉन्ट्रियल येथे खेळलेल्या सामन्यात त्याचे पद घेतले. पुढच्या वर्षी हेस्टिंग्जला मात्र त्याने फॉन बार्डेलेबेनविरुद्ध असा डाव खेळला की तो अजूनही प्रत्येक संग्रहात असतो. त्याचा हत्ती शत्रूच्या राजाशेजारी सातव्या ओळीवर उभा आहे, मारून घ्या म्हणत, पण कोणत्याही मोहऱ्याने तो मारला तरी डाव हातचा जातो. बार्डेलेबेन हार न मानता दालनातून निघून गेला आणि त्याच्या घड्याळाची वेळ संपली. अशी बुद्धी शाबूत असताना स्टाइनिट्झला विश्रांती घेणे परवडत नव्हते. साठाव्या वर्षी तो मॉस्कोला लास्करशी पुन्हा खेळला, दोन विजयांविरुद्ध दहा डाव हरला, आणि तेथेच त्याचे मन ढासळले. त्याच्या आजाराच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. त्या मी सांगणार नाही. त्यानंतरही तो व्हिएन्ना, कोलोन, लंडन अशा स्पर्धा खेळतच राहिला, कारण पर्याय नव्हता. 12 ऑगस्ट 1900 रोजी न्यूयॉर्कच्या वॉर्ड्स आयलंड या बेटावरच्या मनोरुग्णालयात तो वारला, आणि मागे दुसरी पत्नी व दोन लहान मुले जवळपास निराधार राहिली. क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरियाच्या नदीकाठच्या बागेतून ते बेट समोर दिसते आणि आजही तेथे मनोरुग्णालय आहे. लास्करने पुढे आयुष्यभर मानधनाबाबत जो कडकपणा दाखवला, त्याला अनेकांनी लोभ म्हटले. स्टाइनिट्झचा शेवट ठाऊक असलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

तेव्हा तुमच्या बेतात मी पहिली गोष्ट शोधतो ती नियमित पगाराची, आणि ती तुमच्या पत्रात मला दिसली नाही. स्पर्धांची बक्षिसे आणि खासगी शिकवणी येथे आहेतच, पण न्यूयॉर्कच्या घरभाड्यापुढे ती पुरत नाहीत आणि सुट्टीच्या महिन्यांत शिकवणी आटते. एखाद्या शाळेशी, शिकवण्याचे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेशी किंवा क्लबशी लेखी करार होईपर्यंत सांगलीचे वर्ग बंद करू नका. कायद्याच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे. विशेष प्रावीण्यासाठी असलेल्या ओ-1 व्हिसाचा अर्ज तुम्हाला स्वतः करता येत नाही, तो येथील नियोक्त्याने किंवा एजंटाने करावा लागतो. त्यासाठी किताब एकटा पुरेसा ठरेलच असे नाही. बक्षिसे, तुमच्याविषयी छापून आलेले लेखन, तुमचे स्वतःचे लेखन, परीक्षक म्हणून केलेले काम, अशा गोष्टींचे पुरावे आतापासून जमवा आणि वकिलाकडून तपासून घ्या. शहराचाही पुनर्विचार करा. 1886 च्या सामन्यातले दुसरे शहर सेंट लुईस हे आज अमेरिकन बुद्धिबळाचे माहेरघर झाले आहे आणि तेथील राहणीचा खर्च न्यूयॉर्कपेक्षा पुष्कळ कमी आहे.

इंग्रजीत लिहिण्याची सवय आजच लावा. तुमच्या विद्यार्थ्यांचे डाव टिपणांसह लिहून ठेवलेत, तर मुलाखतीत दाखवायला त्याहून चांगले काही नाही. सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी जी परंपरा उभी केली, तिच्यात तुम्ही वाढला आहात, आणि मुलांना शिकवण्याची ती शिस्त येथे फार मोलाची ठरेल.

कुटुंबाविषयी शेवटचे. तुम्ही लिहिले आहे की सुरुवातीची दोन वर्षे पत्नीच्या उत्पन्नावर निघतील. ओ-1 धारकाच्या पत्नीला मिळणाऱ्या ओ-3 व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी नसते, त्यामुळे हा आधार गृहीत धरता येणार नाही. म्हणून पहिले वर्ष तुम्ही एकट्याने यावे, त्यांनी तिकडची नोकरी सोडू नये, आणि तुमचा करार नूतनीकरण होऊन हाती आल्यावरच मायलेकींची तिकिटे काढावीत, असे माझे मत आहे. कराराचा मसुदा आला की सही करण्यापूर्वी मला पाठवा. मानधन, रद्द झालेल्या तासांचे पैसे आणि आरोग्यविमा ही तीन कलमे मी वाचून कळवीन.