पैसा हंगामाचा, म्हातारपण बारमाही

म्हातारपणासाठी पैसे कुठे ठेवावेत, या एकाच प्रश्नाची पाच पत्रं या महिन्यात निवडली आहेत. वयं वेगळी, धंदे वेगळे. टपाल खात्यात मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहानमोठ्या कचेऱ्यांच्या काउंटरवर नोकरी केली. ‘दर महिन्याला पगारातून अमुक टक्के बाजूला काढा’ हा सल्ला तिथे फार थोड्या लोकांच्या कामाचा होता. आपल्याकडे आंब्याचा पैसा एप्रिल ते जून, मासळीचा ऑगस्ट ते मे, आणि घरी खोल्या ठेवणाऱ्यांचा दिवाळीत, नाताळात नि मे महिन्यात. म्हणून पत्र हातात आलं की मी आधी वय बघते आणि मग पैसा कोणत्या महिन्यात येतो ते बघते. खातं या दोन गोष्टींवरून ठरतं.

‘वय ३८. हर्णै बंदरात मासळी विकते. पतसंस्थेच्या पिग्मीत रोज शंभर रुपये टाकते. बँकेतले साहेब अटल पेन्शन घ्या म्हणतात, पण जून-जुलैत खात्यात पैसे नसले तर हप्ता कसा जाणार?’

ताई, अटल पेन्शन घ्या, आणि वेळ घालवू नका. १८ ते ४० वयातच त्यात जाता येतं, तुमच्याकडे दोनच वर्षं उरली आहेत. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून ही योजना बंद आहे, तो प्रश्न तुम्हाला येत नाही. ६० वर्षांनंतर महिना ५,००० रुपये पेन्शन हवी असेल तर ३८व्या वर्षी महिन्याचा हप्ता १,१९६ रुपये बसतो. हेच १८व्या वर्षी सुरू केलं असतं तर २१० रुपयांत भागतं. तुमची थोरली मुलगी अठराची झाली की त्याच आठवड्यात तिचं खातं उघडा.

मासेमारी बंदीच्या दिवसांची तुमची काळजी अगदी बरोबर आहे. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला असतात, बंदरात लिलाव नाही, त्या दिवसांत खात्यात शिल्लक कुठून राहणार? पण हप्ता दर महिन्यालाच कापला पाहिजे असं नाही. तिमाही आणि सहामाही हप्त्याची सोय आहे, काउंटरवर ती आपणहून फारसं कुणी सांगत नाही. सहामाही घ्या आणि खातं ऑक्टोबरमध्ये उघडा. म्हणजे हप्ता ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये येईल. दोन्ही महिन्यांत तुमच्या हातात पैसा असतो. एका वेळी सात हजारांच्या आसपास रक्कम लागेल.

ही तुमच्या रोजच्या शंभरातूनच निघते. पिग्मीवाला दारात येतो म्हणून पैसे साठतात, हे मला ठाऊक आहे, ती सवय मोडू नका. मात्र पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. राष्ट्रीयीकृत असो की सहकारी, बँकेतल्या ठेवीला मुद्दल नि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था बँक नव्हे, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असली तरी. पिग्मीत सहा महिन्यांपेक्षा जास्त पैसा राहू देऊ नका. गोळा झाला की बँकेत किंवा पोस्टात आणा.

आणखी एक. बावीस वर्षांनी पाच हजारांत आजच्याइतका बाजार येणार नाही. त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. पोस्टात तुमच्या स्वतःच्या नावाने पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडा, वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी ते चालू राहतं. सुरमई-पापलेटचा हंगाम चांगला गेला त्या वर्षी जास्त भरा. तुमच्यानंतर अटल पेन्शन नवऱ्याला तेवढीच मिळते आणि दोघांच्या पश्चात नॉमिनीला साठलेली रक्कम, पाच हजारांच्या पेन्शनसाठी ती साडेआठ लाख धरली आहे. अर्जात नॉमिनीचं नाव घालायला विसरू नका.

‘वय २६. लोटे औद्योगिक वसाहतीत तीन वर्षं नोकरी केली, आता दुसऱ्या कंपनीत चाललो आहे. जुना पीएफ काढून मोटारसायकल घेऊ का?’

नको रे बाळा. पीएफ नव्या कंपनीत वर्ग करून घे, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढलास तर रकमेवर कर लागतो. त्याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. कंपनी तुझ्यासाठी जे १२ टक्के भरते त्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो आणि त्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. ते पैसे काढलेस की तीन वर्षं पुसली जातात. २०२४-२५ सालासाठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज ठरलं होतं. तेवढं देणारी आणि तितकी सुरक्षित जागा तुला बाहेर सहज मिळणार नाही.

पीएफ आहेच, म्हणून वर भर घालायची तर एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना बघ. २००९ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. पैसा शेअर बाजारातही जातो, वर-खाली होतो, पण तुझ्यापुढे चौतीस वर्षं आहेत. स्वयंचलित पर्याय घेतलास तर वय वाढेल तसा शेअरमधला हिस्सा आपोआप कमी होत जातो. पैसा बरीच वर्षं जवळपास अडकलेलाच समज, आणि बाहेर पडतानाही एक भाग पेन्शन विकत घेण्यात जातो. एनपीएसच्या आधी तीन-चार महिन्यांचा घरखर्च साध्या बचत खात्यात असू दे, मोटारसायकल त्यानंतर.

‘वय ४७. पावसजवळ हापूसची दीडशे कलमं. आमच्याकडे कलमं हीच पेन्शन समजतात. मुलगा पुण्यात असतो. एकजण म्हणतो कर वाचवायला एनपीएस घ्या, दुसरा म्हणतो मुंबईत फ्लॅट घ्या.’

तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण असं पत्र मला दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं येतं.

कलमं पेन्शन आहेत, पण तोपर्यंतच जोपर्यंत फवारणी, राखण, उतरवणी नि पेटी भरणं तुमच्या नजरेखाली होतं. सत्तरीत शिडीखाली उभं राहायला कोण आहे? मुलगा पुण्यात. मग बाग कराराने द्यायची, आणि करारात बागायतदाराच्या हाती किती पडतं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. शिवाय निसर्ग. ३ जून २०२० ला त्याच नावाच्या वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळी आडव्या केल्या, पुन्हा लावलेलं झाड उत्पन्नाला यायला वर्षं लागतात. पुढच्याच वर्षी मेच्या मध्याला तौक्ते आलं, आणि झाडावरचा तयार आंबा जमिनीवर आला. ज्या वर्षी पेन्शन नेमकी हवी त्याच वर्षी मोहोर करपला तर? म्हणून बागेबाहेर पैसा हवाच.

कराचं म्हणाल तर शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. तुमचं दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर वाचवायला करच नाही. मग करासाठी म्हणून वर्षानुवर्षं पैसा अडकवायचा कशाला? फ्लॅटचं म्हणाल तर विकायचा झाला की महिने जातात, अर्धा कधी विकता येत नाही आणि कर्जाचा हप्ता जानेवारीतही येतो, आंबा येत नाही.

तुम्हाला पीपीएफ बसतं. ४७व्या वर्षी उघडलंत तर पंधरा वर्षांची मुदत साठीनंतर लगेच संपते. खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं ते वर्ष संपल्यावर पंधरा वर्षं मोजतात. वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, एकदम किंवा तुकड्यांनी. १ एप्रिल २०२० पासून व्याजाचा दर ७.१ टक्के आहे. दर वर्षी पूर्ण दीड लाख भरलेत आणि दर असाच राहिला तर शेवटी चाळीस लाखांच्या आसपास होतात, आणि त्यावर कर नाही. दर सरकार दर तिमाहीला ठरवतं, तो खालीही येऊ शकतो, हे धरून चाला.

तारीख मात्र सांभाळा. पीपीएफमध्ये महिन्याच्या ५ तारखेनंतरची आणि महिनाअखेरची, यातली जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे आंबा विक्रीचा हिशेब नि पैसे, मेच्या शेवटी आली तर जूनच्या ५ तारखेच्या आत भरा, सहा तारखेला भरलेत तर जून फुकट. आणि पट्टी आली त्याच दिवशी हा वाटा काढा. खताची उधारी, छपराची कौलं, गणपतीचा खर्च यांना वाट करून दिली की ऑगस्टमध्ये हातात काही राहत नाही, हे मी काउंटरच्या अलीकडून बघत आले आहे.

वाईट वर्षी नुसते ५०० भरून खातं जिवंत ठेवा. खातं उघडलं ते वर्ष सोडून पाच आर्थिक वर्षं झाल्यावर त्यातून काही रक्कम काढता येते, पण ते दार मुलीचं लग्न नि दुखणं यासाठीच उघडा. एक-दोन वर्षांच्या नापिकीसाठी वेगळी मुदत ठेव बँकेत असू द्या. नाहीतर नापिकीच्या वर्षी हात पीपीएफकडेच जाईल. बायकोच्या नावाने वेगळं पीपीएफ उघडा, जमेल तेवढं भरा. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, निदान पासबुकावर तरी असू दे.

‘वय ६१. मुंबईत खाजगी कंपनीतून निवृत्त होऊन राजापूरजवळ गावी आलो. २२ लाख मिळाले. मुलं म्हणतात घर बांधा.’

साहेब, घर दुरुस्त करा, नवं बांधू नका. दोघांना दोन खोल्या पुरतात, आणि मुलं गणपतीत नि शिमग्याला येणार.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुमच्यासाठीच आहे. सध्या ८.२ टक्के, पाच वर्षांची मुदत, कमाल ३० लाख. खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही, पुढे मुदत वाढवता येते. १५ लाख ठेवलेत तर दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येईल. हे व्याज करपात्र आहे. एकच खातं न काढता पाच-पाच लाखांची तीन काढा. ऑपरेशन निघालं तर एकच मोडावं लागेल, दोन वर्षांनंतर मोडल्यास त्या खात्याच्या रकमेतून एक टक्का कापतात. पत्नीचं नाव संयुक्त घाला, म्हणजे तुमच्या पश्चात तिला ते मुदतीपर्यंत चालू ठेवता येईल.

तिमाही व्याजावर किराणा चालत नाही, म्हणून चार लाख पोस्टाच्याच मासिक उत्पन्न योजनेत टाका. ७.४ टक्क्यांनी महिना सुमारे २,४६६ रुपये येतील, वीजबिल नि औषधं निघतील. उरलेले तीन लाख बँकेत, हाताशी. सगळा पैसा एका वेळी एका जागी टाकायला कुणी घाई केली, तर तो कितीही जवळचा नातेवाईक असला तरी त्याला थांबवा.

‘वय ७२. पती गेल्या महिन्यात गेले. पोस्टातल्या खात्याला वारस लावलेला नाही. एकूण सव्वादोन लाख आहेत.’

आजी, पैसे कुठे जात नाहीत. नॉमिनी नसेल तर पोस्टात पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी न्यायालयाचा वारस दाखला मागत नाहीत. मृत्यूनंतर सहा महिने उलटले की अर्ज करा. मृत्यूचा दाखला, पासबुक, तुमचं ओळखपत्र, क्षतिपूर्ती बंधपत्र (पुढे कुणाचा दावा निघाला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी) आणि बाकीच्या वारसांची हक्क सोडल्याची शपथपत्रं लागतात. मुंबईतली मुलं दिवाळीला येतील तेव्हाच त्यांच्याकडून शपथपत्रं करून घ्या, पुन्हा एकत्र कधी जमतील सांगता येत नाही. आणि पैसे तुमच्या नावावर आले की त्याच दिवशी त्या खात्याला नॉमिनी लावा.