नॉमिनेशन हातात नाही, मग फ्लॅट आत्ताच का विकायचा?

प्रश्न : मी ३९ वर्षांचा आहे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत १५ वर्षं मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून काम करतो. येत्या ऑक्टोबरात चाळीस पूर्ण होतील. पत्नी ३६ वर्षांची, एका कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगा चौथीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचं १९० या कायम व्हिसासाठीचं नॉमिनेशन (राज्याची शिफारस) आठ महिन्यांत नक्की होईल, असं ते सांगतात. फी साडेचार लाख; निम्मी आत्ता, ती परत मिळणार नाही. पाथर्डी फाट्याचा फ्लॅट २०१३ मध्ये २८ लाखांना घेतला होता, आज ६६ लाख येतात, कर्ज ६ लाख उरलंय. तो विकून पैसा तयार ठेवावा असं वाटतं. एफडी १४ लाख, म्युच्युअल फंड ९ लाख, पीएफ ११ लाख, पीपीएफ ५ लाख आहे. २० हजारांची एसआयपी चालू आहे. आई सिन्नरला असते. फ्लॅट विकू का? एसआयपी थांबवू का?

उत्तर : फ्लॅट आत्ता विकू नका. कन्सल्टंटला निम्मी फी देऊ नका. इंग्रजीच्या परीक्षेची तारीख मात्र याच आठवड्यात घ्या, तुमची आणि पत्नीची दोघांचीही.

आधी त्या "नक्की होईल" बद्दल. राज्यांचं नॉमिनेशन कोट्यावर चालतं आणि तो कोटा कॅनबेराहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, दरवर्षी नव्याने ठरतो. वर्ष १ जुलैला सुरू होतं. २०२४-२५ मध्ये १९० आणि ४९१ (मोठी शहरं सोडून राहण्यासाठीचा तात्पुरता व्हिसा) मिळून सगळ्या राज्यांना २६,२६० जागा होत्या. २०२५-२६ मध्ये त्या २०,३५० झाल्या. तुम्हाला ज्या राज्याचं नाव सांगितलंय त्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या १९० च्या जागा ३,००० वरून १,३५० वर आल्या. त्याच वर्षी क्वीन्सलँडच्या ६०० होत्या, त्या १,८५० झाल्या. म्हणजे फाइल तीच, माणूस तोच, पण एका राज्याचं दार अर्ध्याहून जास्त बंद झालं आणि दुसऱ्याचं तिपटीने उघडलं. शिवाय या जागांवर तिथे आधीपासून राहणारे, काम करणारे लोकही असतात आणि बरीच राज्यं त्यांना झुकतं माप देतात. पुढच्या जुलैत काय होईल हे ॲडलेडमधला अधिकारीही आज सांगू शकत नाही. नाशिकमध्ये बसून "नक्की" म्हणणाऱ्याला तुम्ही सव्वादोन लाख कशाचे देणार?

घाई करायला हवी हे मात्र खरं आहे, आणि त्याचं कारण तुमचं वय आहे. हे व्हिसा गुणांवर ठरतात : ३३ ते ३९ वयाला २५ गुण मिळतात, चाळिशी लागली की १५. वय मोजतात ते व्हिसासाठी अर्ज करायचं निमंत्रण आलेल्या दिवशी. तुमचा हिशेब मांडून बघू : वय २५, बी.ई. १५, गेल्या दहा वर्षांतला आठ वर्षांहून जास्त अनुभव १५, इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत प्रत्येक भागात ७ आले तर १०, पत्नीला प्रत्येक भागात ६ आले तर ५. झाले ७०. राज्याने १९० साठी नाव दिलं तर त्यात ५ वाढतात, ४९१ साठी १५. म्हणजे ७५ किंवा ८५. ऑक्टोबरनंतर हेच आकडे ६५ आणि ७५ होतील. ६५ ही पात्रतेची किमान रेघ आहे. तेवढ्यावर निमंत्रणाची आशा फारशी धरू नका.

आता बघा, हे दहा गुण भरून काढायचा मार्ग कुठे आहे. प्रत्येक भागात ७ ऐवजी ८ आणले तर इंग्रजीचे १० चे २० होतात. म्हणजे चाळिशीत गेलेले गुण परीक्षेत परत येतात. दोघांच्या परीक्षेचा खर्च चाळीस हजारांच्या आत बसतो. चांगला क्लास लावला, परीक्षा दोनदा दिली, तरी कन्सल्टंटच्या पहिल्या हप्त्याच्या जवळपासही तो जात नाही. नोकरी सोडून अभ्यास करायचं मनात असेल तर ते काढून टाका.

खर्च टप्प्याटप्प्याने करा. पुढचं दार उघडलं की पुढचा पैसा, त्याआधी नाही. पहिला टप्पा म्हणजे इंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून शिक्षण आणि अनुभवाची तपासणी, आणि परीक्षा. ऑस्ट्रेलियन डॉलर ६० रुपये धरला तर सगळं सव्वा लाखाच्या आसपास जाईल. तपासणीसाठी स्वतःच्या कामाचे तीन सविस्तर वृत्तांत लिहावे लागतात. ते स्वतः लिहा. कोणत्या मशिनचा बिघाड कसा शोधला, गणित काय केलं, निर्णय कोणाचा होता, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. कन्सल्टंट लोक हे वृत्तांत तयार विकतात. नक्कल सापडली तर अर्ज बाद होतो, वर बंदी येते. खोटी माहिती थेट व्हिसाच्या अर्जात गेली तर तीन वर्षं दार बंद.

ही तपासणी आणि गुणपत्रिका आली की स्किलसिलेक्ट या ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर इच्छापत्र भरायचं. त्याला पैसे लागत नाहीत आणि ते दोन वर्षं जिवंत राहतं. एकाच राज्यावर बसू नका. प्रत्येक राज्याची व्यवसायांची यादी आणि अटी वेगळ्या असतात, त्या त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा. काही राज्यं वेगळी नोंदणीही मागतात.

मोठा खर्च येतो तो निमंत्रण आल्यावर. तेव्हा अर्जाला फक्त ६० दिवस मिळतात. २०२५-२६ च्या दराने तुमचे ४,९१०, पत्नीचे २,४५५ आणि मुलाचे १,२३० डॉलर, मिळून ८,५९५. म्हणजे सव्वापाच लाखांच्या आत. दर साधारणपणे दर जुलैत वाढतात. पत्नीचं इंग्रजी किमान पातळीचं आहे हे दाखवता आलं नाही तर तिच्यासाठी आणखी जवळपास ५ हजार डॉलर भरावे लागतात. तिच्या परीक्षेचा आग्रह मी धरतोय त्याचं हेही एक कारण. या ६० दिवसांसाठी एफडीतले ६ लाख हाताशी राहतील असे ठेवा, लांब मुदतीत अडकवू नका.

तिथे उतरल्यावर सहा महिने नोकरी लागली नाही असं धरून चला. तीन माणसांना महिन्याला ५ हजार डॉलर धरले तर १८ लाख होतात. घरभाडं तिथे आठवड्याच्या हिशेबाने सांगतात, ऐकताना गल्लत होते, आणि वर अनामत असते. तिकिटं, मेडिकल, पोलीस क्लिअरन्स, सुरुवातीचं सामान याला अडीच लाख. सगळी बेरीज २७ लाखांच्या आसपास येते. तुमच्याकडे एफडी आणि फंड मिळून २३ आहेत. नोकरी सोडल्यावर पीएफचे ११ येतील. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी असल्यामुळे ते करमुक्त आहेत. म्हणजे फ्लॅटला हात न लावता तुम्ही जाऊ शकता. गरजच नाही तर राहतं घर विकून, भाड्याच्या घरात बसून निमंत्रणाची वाट का पाहायची?

फ्लॅट कधीच विकू नका असं मात्र मी म्हणत नाही. ते तुम्हाला कोणता व्हिसा मिळतो यावर आहे.

१९० मिळाला तर तुम्ही पहिल्या दिवसापासून कायम रहिवासी. मग नाशिकचं भाडं, एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याजसुद्धा ऑस्ट्रेलियाच्या आयकरात धरलं जातं. अशा वेळी निघण्याआधी फ्लॅट विकणं मला पटतं. इथे तारखेची एक बाब फार महत्त्वाची आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात रहिवासी असलेल्या माणसाला दोन पर्याय आहेत : साडेबारा टक्के सरळ, किंवा महागाई निर्देशांक लावून वीस टक्के. तुमचा नफा ३८ लाख. सरळ कर ४ लाख ७५ हजार. २०२५-२६ चा निर्देशांक लावला तर २८ लाखांची खरेदी ४७ लाख ८५ हजारांची होते आणि कर ३ लाख ६३ हजारांवर येतो. एक लाखाहून जास्त वाचतात, सेस वेगळा. अनिवासी झालात की हा दुसरा पर्याय गेला. त्यातही गिऱ्हाईक रहिवाशाला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापतं, म्हणजे ६६ हजार. अनिवासीच्या बाबतीत कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर सगळ्या किमतीवर साडेबारा टक्के आणि वर सरचार्ज कापला जातो. म्हणजे आठ लाखांहून जास्त कापले जातात, आणि खऱ्या करापेक्षा जादा कापलेली रक्कम रिफंडची वाट बघत पडून राहते.

निवासी की अनिवासी हे मात्र आख्ख्या आर्थिक वर्षासाठी ठरतं, विक्रीच्या दिवशी नाही. एप्रिलमध्ये फ्लॅट विकून जूनमध्ये नोकरीसाठी निघालात तर त्या वर्षी तुम्ही अनिवासीच धरले जाल. भारतात १८२ दिवस भरायला हवेत. म्हणून सप्टेंबर अखेरपर्यंत इथे राहून ऑक्टोबरात निघालात तर त्या वर्षातली विक्री रहिवाशाची ठरते. व्हिसा मंजूर झाल्यावर पहिल्या प्रवेशाला साधारणपणे काही महिने मिळतात, त्यात हे बसवता येतं. विक्रीचे पैसे रहिवासी असताना पाठवले तर एका माणसाला वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही, पुढे वीस टक्के कापतात आणि ते रिटर्नमध्ये वळते होतात. पत्नीचं नाव खरेदीखतात असेल तर दोघांची मर्यादा वापरा.

४९१ मिळाला तर माझा सल्ला उलटा आहे : फ्लॅट ठेवा, भाड्याने द्या. हा व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून राहायचं, तीन वर्षांचे कर आकारणीचे कागद दाखवायचे, मग १९१ या व्हिसावर कायम होता येतं. ॲडलेड आणि पर्थ या भागात मोडतात, त्यामुळे "रीजनल" ऐकून घाबरू नका. तात्पुरत्या रहिवाशाच्या परदेशी भाड्यावर आणि व्याजावर ऑस्ट्रेलिया सहसा कर लावत नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या रहिवाशांना तिथे जुनं, राहतं घर घ्यायला बंदी आहे. म्हणजे इथलं विकून तिथे घेण्याचा मार्गही तुम्हाला मोकळा नाही. इथलं घर असेल तर परत यावं लागलं तरी छप्पर आहे. कायम होण्याच्या सुमारास फ्लॅटचं मूल्यांकन सरकारमान्य व्हॅल्युअरकडून करून ठेवा. पुढे विकलात तर ऑस्ट्रेलिया तिथून पुढचाच नफा मोजतो.

मदत हवीच असेल तर ऑस्ट्रेलियात नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटकडून घ्या. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासा, आणि पैसे टप्प्याने द्या. भारतात बसलेल्या कन्सल्टंटला अशी नोंदणी बंधनकारक नाही, त्यामुळे तक्रार करायची वेळ आली तर दाद मागायला जागा उरत नाही.

एसआयपी बंद करू नका. निमंत्रण येईपर्यंत दहा हजार आहे तिथे राहू द्या, दहा हजार लिक्विड फंडात वळवा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, अनिवासी झाल्यावर मुदतवाढ मिळत नाही. बचत खातं निघाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांचं खातं) करून घ्या.

आईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. आई-वडिलांच्या कायम व्हिसाची तिथली रांग अनेक वर्षांची आहे. त्या सोबत येतील असं धरून काही ठरवू नका. त्यांचा मेडिक्लेम नसेल तर आत्ताच काढा, जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि तो तुम्ही इथे असताना सुरू झालेला बरा. दोन लाखांची एक एफडी त्यांच्या आणि सिन्नरमधल्या एखाद्या विश्वासाच्या नातेवाइकाच्या संयुक्त नावावर ठेवा. दवाखान्याची वेळ आली तर तुमच्या फोनची, बँकेच्या ओटीपीची वाट बघावी लागू नये.