टीबीच्या गोळ्यांनी साखर वाढते, मग त्या बंद कराव्यात का?

“टीबी बरा होईल हो मॅडम, पण साखरेने माणूस हातचा जाईल,” असे म्हणत त्या बाईंनी पतीच्या साखरेच्या नोंदींची वही माझ्यापुढे ठेवली. उपाशीपोटीची साखर उपचारापूर्वी १४० च्या आसपास होती, ती तिसऱ्या आठवड्यापासून २१० च्या वर गेलेली दिसत होती. काही तारखांपुढे पेन्सिलीने बारीक फुल्या होत्या. त्या दिवशी टीबीच्या गोळ्या दिल्याच नव्हत्या, हे त्यांनी बऱ्याच वेळाने सांगितले.

त्यांचे निरीक्षण खरे होते, आणि मी तेच आधी बोलून दाखवले. टीबीवरचे रिफाम्पिसिन यकृताचे औषधे मोडण्याचे काम वाढवते, त्यामुळे ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा अंमल लवकर ओसरतो. शिवाय जंतुसंसर्गानेही साखर चढते. मात्र अशा वेळी बदलायची असतात ती मधुमेहाची औषधे. टीबीच्या गोळ्या अधूनमधून गाळल्या तर जंतू औषधांना दाद देईनासे होण्याची भीती असते, आणि साखर चढलेलीच राहिली तर थुंकीतले जंतू नाहीसे व्हायला वेळ लागतो व टीबी उलटण्याचा धोकाही वाढतो.

“फुल्या खोडू नका, डॉक्टरांना तशाच दाखवा,” एवढा आग्रह मी धरला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू ठेवून काही काळासाठी इन्सुलिन जोडले आणि पुढच्या काही आठवड्यांत आकडे खाली येऊ लागले.

तोवर गप्प बसलेल्या पतीने दुसऱ्या भेटीत तळपायाला मुंग्या येत असल्याचे सांगितले. सोबत दिलेली पिरिडॉक्सिनची गोळी, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, “ताकदीची असेल” म्हणून त्यांनी परस्पर सोडली होती. आयसोनियाझिड या टीबीवरच्याच औषधामुळे नसांना इजा होऊ शकते, मधुमेहानेही होते, आणि ती गोळी नसांना जपण्यासाठीच असते, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेच नव्हते. याचे मला फार वाईट वाटले.

रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याचा यकृतावरील परिणाम ओसरतो. तेव्हा मधुमेहाच्या औषधांची वाढवलेली मात्रा वेळीच कमी केली नाही, तर साखर एकदम उतरून घाम सुटणे, हातपाय थरथरणे, भोवळ येणे असा त्रास होतो. हे ऐकल्यावर बाईंनी चुकलेले दिवस धरून डॉक्टरांनी ठरवलेली शेवटच्या गोळीची तारीख वहीत लिहिली, आणि तिच्याखाली पुढच्या चौदा दिवसांसाठी चौदा रेघा आखून ठेवल्या.