पगार चांगला, तरी आतून रिकामं वाटतं. सगळं सोडून आश्रमात जावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नोकरी उत्तम आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात, पण हे सगळं कशासाठी ते कळेनासं झालंय. माझं मत विचाराल तर नोकरी एवढ्यात सोडू नका. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मार्च महिन्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा धावपळ काय असते ते मला ठाऊक आहे.

आमच्या ग्रामदैवताची, १२ व्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची एक कथा सांगतो. त्यांनी गावासाठी तळं खोदायला घेतलं होतं, माणसं राबत होती. तिथे अल्लमप्रभू हे शिवभक्त संत आले आणि 'तो माती उपसणारा कुठाय?' अशा थाटात त्यांनी चौकशी केली. लोक चिडले, दगड घेऊन धावले. पुढे सिद्धरामांची भेट झाली तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांचं लक्ष बाहेरच्या खोदकामावरून आत वळवलं. पुढे सिद्धराम कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) शरणांमध्ये, म्हणजे बसवेश्वरांच्या शिवभक्त साथीदारांमध्ये गेले.

ही कथा मला फार महत्त्वाची वाटते, कारण सिद्धरामांचं काम तर परोपकाराचं होतं. त्यातही 'मी करतोय' शिरू शकतं, मग आपल्या टार्गेट आणि अप्रेझलमध्ये ते किती शिरत असेल! आणि तोच 'मी' आश्रमातही आपल्यासोबत येणार. पण तळं बुजवा, असं कोणी म्हटलं नाही. ते आजही गावात आहे, त्यातच सिद्धेश्वरांचं, म्हणजे सिद्धरामांचंच, मंदिर आहे. शरणांनी कष्टालाच कायक म्हणजे पूजा मानलं. फक्त त्या कमाईतला वाटा दासोहात, म्हणजे इतरांसाठी, जायला हवा.

संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे. ज्याच्याकडे काठी असते त्याच्याकडे जवळून बघा. पांढरी बाराबंदी घामाने पाठीला चिकटलेली, मानेच्या शिरा ताठ, नजर वर टोकाकडे. काठी जराशी कलली की पाऊल आपोआप सरकतं. 'हर्र बोला हर्र'चा गजर चाललेला असतो, पण त्याचं सगळं ध्यान त्या तोलात. यातले कितीतरी जण एरवी दुकानात, कारखान्यात, ऑफिसात राबणारे. सराव आठवडे आधीच सुरू होतो, कामावरून सुटल्यावर. यातून पैसा नाही, बढती नाही.

तुम्हीही असं एक काम धरा, ज्याचा फोटो टाकायचा नाही आणि जे बायोडाटामध्ये लिहायचं नाही. सोसायटीतल्या एकट्या आजोबांना दवाखान्यात नेणं असेल, नाहीतर एखाद्या मुलाला गणित शिकवणं. ध्यानाचं ॲप ठेवा हवं तर, पण त्यातले सलग दिवस मोजत बसू नका. कंटाळा येईल तेव्हाही काम चालू ठेवा, खरा कस तिथेच लागतो.

आणि यात्रेला याच. अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, गर्दी फार असते, म्हणून आदल्या दिवशी, शहरातल्या ६८ शिवलिंगांच्या तैलाभिषेकाला या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीबरोबर निवांत चालता येईल.