लाल वटवाघळं आणि तपकिरीची कुपी

प्रश्न : सिंगापूरहून आणलेल्या चिनी तपकिरीच्या कुपीवर लाल वटवाघळं आहेत. सासूबाई म्हणतात, असलं अशुभ घरात नको. काय करू?

सासूबाईंना सांगा, हे चित्र बघायचं नसतं, मोठ्यानं वाचायचं असतं. चिनीत वटवाघळाला 'फू' म्हणतात आणि सौभाग्यालाही 'फू'. अक्षरं निराळी, उच्चार एकच. सरळसरळ श्लेष! पाच वटवाघळं असतील तर ती पाच सुखं : दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची ओढ आणि शेवटी सुखाचं मरण. 'हिंडतं-फिरतं असताना न्यावं रे देवा' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे पाचवं लगेच पटेल. त्यात तुमची लाल, म्हणजे दुधात साखर. लाल म्हणजे 'होंग', अफाट म्हणजेही 'होंग'. आणि वटवाघूळ उलटं काढलेलं असेल तर 'सौभाग्य आलं', कारण 'उलटं' आणि 'आलं' दोन्ही 'दाव'. कुपी शोकेसमध्ये पुढे ठेवा.

प्रश्न : माझ्या कुपीवर मांजर फुलपाखरावर टपून बसलंय. शिकारीचं चित्र का?

छे! मांजर 'माव', फुलपाखरू 'द्ये'. 'मावद्ये' म्हणजे ऐंशी-नव्वदीचं पिकलं वय. वडीलधाऱ्यांना शोभेल अशी भेट.

प्रश्न : आपल्याकडे तपकिरीची डबी असते, मग चीनमध्ये बाटली का? आणि बुचाखाली चमचा कशाला?

युरोपातून तपकीर डबीतूनच गेली, पण दमट हवेत तिचे गोळे होत. औषधाच्या छोट्या कुप्या तिथं होत्याच, त्यांना घट्ट बूच बसे. बुचाला खाली हस्तिदंताचा किंवा हाडाचा इवलासा चमचा. त्यानं चिमूटभर काढायची, नखावर घ्यायची आणि ओढायची. छिंग राजघराण्याच्या दरबारात खांगशी बादशहाच्या काळात ही चैन रुजली. 1696 मध्ये राजवाड्यात काचेचा कारखाना निघाला, तिथं काचेच्या कुप्या होत. चिंगद्चेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या गावात होणाऱ्या कुप्यांना खरा बहर आला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात.

प्रश्न : तळाला लाल अक्षरांत छ्येनलुंग बादशहाचं नाव आहे. म्हणजे 1736 ते 1795 मधलीच ना?

नाही. जुन्या बादशहाचं नाव पुढचे कारागीर सर्रास घालत, कधी आदरानं, कधी गिऱ्हाइकासाठी. आतल्या तपकिरीच्या डागावरही जाऊ नका, तो पाडता येतो. नक्षीचा उंचवटा आणि तळाची कड भिंगाखाली बघा : वापरानं झालेली झीज वेडीवाकडी असते, मुद्दाम घासलेली एकसारखी. मी तरी नावासाठी एक रुपयाही जास्त देणार नाही. आणि बूच अडकलं असेल तर सुरी घालू नका. तोंडाशीच झिलईचा टवका आधी उडतो.