माडाची सावली आणि छपरावरचं सोलर

प्रश्न : दक्षिणेला शेजाऱ्यांचा माड आहे. मे महिन्यात आमचं सोलर झकास चालायचं, डिसेंबरात भर दुपारी वीज बरीच घटते. सावली तर फक्त पॅनेलच्या खालच्या कडेवर येते! पॅनेल बिघडलं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पॅनेल शाबूत असावं, सूर्य सरकलाय. गोव्यात मे महिन्यात दुपारी तो जवळपास डोक्यावर असतो. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून जेमतेम 51 अंशांवर येतो. म्हणजे दहा मीटर उंच माडाची सावली दुपारी बारालाही आठ मीटर लांब पडते.

आता खालची कड. पॅनेलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एक झाकला की त्याच्या ओळीतला करंट अडतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून वाट काढून देतो. साध्या पॅनेलमध्ये असे सहसा तीन भाग, तेही पॅनेलच्या लांबीच्या दिशेने. पॅनेल उभं बसवलं असेल तर खालची चार बोटं सावली तिन्ही भागांना धरते आणि पॅनेल जवळजवळ बंद पडतं. तेच आडवं असतं तर एकच भाग गेला असता. हाफ-कट पॅनेलचा (म्हणजे अर्धे कापलेले सेल दोन वेगळ्या गटांत जोडलेल्या पॅनेलचा) वरचा अर्धा भाग तरी चालतो.

माड तोडायला सांगू नका, शेजारधर्म जाईल. पाडेली (नारळ पाडणारा) येईल तेव्हा लोंबत्या झावळ्या काढून घ्या. तरी भागलं नाही तर सावलीतल्या पॅनेलांना ऑप्टिमायझर (एका पॅनेलच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसू न देणारं छोटं यंत्र) लावता येतो, पण आधी तुमच्या इन्व्हर्टरला तो चालतो का ते विचारा.