इंजिनातून आवाज येतोय? आधी नीट ऐक

गॅरेज गाठायच्या आधी एवढं बघ: आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावरही, आणि रेस दिल्यावर त्याचा वेग वाढतो का. मेकॅनिकला हेच सांगायचं, 'काहीतरी वाजतंय' नाही.

सकाळी स्टार्टला टिकटिक होऊन दोन-चार सेकंदांत थांबत असेल, तर बहुतेक वरच्या भागात ऑइल पोचायला लागलेला तो वेळ. तरी गाडी सपाट जागी लावून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढ, पूस, पुन्हा घाल आणि पातळी बघ. किती टिकटिक ऑइल कमी असल्यानेच असतात!

चिरका आवाज असेल तर इंजिनाच्या फिरत्या रबरी बेल्टवर पाण्याचा बारीक फवारा मार. क्षणभर थांबून परत आला तर पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) सरळ रेषेत नसेल; वाढला तर बेल्ट सैल. हात आणि ओढणी-मफलर लांब ठेव, पंखा कधीही सुरू होतो.

घाटात वरच्या गियरमध्ये खडखडलं तर लगेच खालचा गियर टाक. पण खोलवरून ठोके येत असतील किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर 'घरापर्यंत नेतो' म्हणू नकोस. तिथेच इंजिन बंद कर आणि टोइंग बोलाव.